पी-३० रबर विमान: बांधणीपासून पूर्ण फेऱ्यांच्या उड्डाणापर्यंतचा क्रम

रबरावर उडणारे बाल्साचे विमान पहिल्याच दिवशी मोडते, ते बहुतेक वेळा बांधणी वाईट असते म्हणून नव्हे, तर दुरुस्त्यांचा क्रम चुकतो म्हणून. ग्लाइड, म्हणजे रबराच्या जोराशिवाय तरंगत उतरणे, नीट नसताना रबराला जास्त फेरे दिले जातात. फेरे दिल्यावर विमान उसळले की शेपटीखाली काहीतरी सरकवले जाते. मग चढणही बिघडते आणि ग्लाइडही. हे टाळायचे असेल तर एक नियम आधीच मनाशी पक्का करावा. पंखांची मुरड आणि गुरुत्वमध्य हे घरी टेबलावर जुळवायचे, ग्लाइड शेपटीच्या कोनाने जुळवायचा आणि रबराच्या जोरावरचे उड्डाण केवळ प्रॉपेलरच्या दिशेने जुळवायचे. एका टप्प्याचा दोष दुसऱ्या टप्प्याच्या उपायाने झाकू नये.

उदाहरणासाठी पी-३० हा रबर विमानांचा स्पर्धावर्ग घेतला आहे, कारण नवशिक्याला झेपेल इतका तो सोपा आहे आणि तरीही त्याचे विमान खऱ्या अर्थाने उडते. पंखांचा विस्तार आणि एकूण लांबी प्रत्येकी ३० इंचांपर्यंत, म्हणजे ७६.२ सेंमी, रबर वगळून किमान वजन ४० ग्रॅम, वंगणासह रबर जास्तीत जास्त १० ग्रॅम, प्रॉपेलर बाजारात मिळणारा प्लास्टिकचा, ९.५ इंचांपर्यंतचा. स्पर्धेत दोन मिनिटांचे उड्डाण पूर्ण गुणांचे धरतात.

## १. लाकूड निवडणे आणि तोलणे

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा नसेल तर तो आधी आणावा. बाल्साच्या एकाच मापाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक सहज असतो, आणि तो नुसत्या हाताच्या अंदाजाने कळत नाही. ३६ इंच लांब, ३ इंच रुंद आणि १/१६ इंच जाड फळी १४ ग्रॅम भरली तर ते मध्यम लाकूड समजावे. पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांसाठी ११ ते १४ ग्रॅमची फळी चांगली. धडाच्या लांब काड्या, म्हणजे लाँजरॉन, मात्र घट्ट लाकडाच्या हव्यात. त्यासाठी त्याच लांबी-रुंदीची १/८ इंच जाडीची फळी ३० ते ३५ ग्रॅमची घ्यावी आणि चारही काड्या एकाच फळीतून शेजारी शेजारी कापाव्यात.

वजनाइतकेच रेषांकडेही लक्ष द्यावे. ज्या फळीवर मोत्यासारखे चमकते ठिपके दिसतात ती आडवी वाकत नाही, वाकवली तर तुटते. ती फासळ्यांना उत्तम. ज्या फळीवर लांब सरळ रेषा असतात आणि जी रुंदीत सहज वाकते, तिच्यातून फासळ्या कापू नयेत.

तपासणी: कापलेल्या लाँजरॉनचे एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरावे आणि मोकळे टोक आपल्या वजनाने किती झुकते ते पाहावे. चारांपैकी एखादी काडी जास्त झुकत असेल तर ती बाजूला ठेवावी. तशीच वापरल्यास धड केळ्यासारखे वाकते आणि मग प्रॉपेलरची दिशा कधीच स्थिर राहत नाही.

## २. सांगाडा

खाली सपाट पाट आणि त्यावर टाचण्या सहज रुतणारा सॉफ्टबोर्ड असावा. प्लॅन चिकटवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे, नाहीतर सांगाडा कागदासकट उचलावा लागतो. टाचणी काडीतून आरपार घालू नये. काडीच्या दोन्ही बाजूंना टाचण्या रोवून काडी मध्ये धरावी.

धडाच्या दोन्ही बाजू एकाच जागी, एकीवर एक अशा बांधाव्यात आणि मध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवावा. वेगवेगळ्या बांधलेल्या बाजू हुबेहूब सारख्या होत नाहीत. सुकल्यावर दोन्ही बाजू आडव्या काड्यांनी जोडताना सुरुवात धडाच्या मधल्या सरळ भागापासून करावी, दोन्ही ठिकाणी गुण्या लावून काटकोन पाहावा, आणि तो भाग पूर्ण सुकल्यावरच शेपटीकडची टोके एकत्र आणावीत. नाक आणि शेपूट आधी जोडण्याची घाई हे वाकड्या धडाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

गोंदाबाबत दोन मते आहेत. पांढरा लाकडी गोंद सुकायला वेळ घेतो आणि पातळ काड्यांना ओल देतो, पण सांधा चिवट होतो. सायनो, म्हणजे झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद, क्षणात धरतो, पण चुकलेला सांधा सुटत नाही आणि पडताना तो सहज तडकतो. माझे मत पांढऱ्या गोंदाच्या बाजूने आहे. मात्र तो बाटलीच्या तोंडाने न ओतता टाचणीच्या टोकाने लावावा. सांध्याबाहेर ओघळलेला गोंद ताकद देत नाही, नुसते वजन देतो.

पंख बांधताना फासळ्या मागच्या कडेला खाच पाडून बसवाव्यात. डायहेड्रलचा, म्हणजे पंखाची टोके वर उचलणारा, सांधा शेवटी करावा. मधला भाग पाटावर दाबून, टोकांखाली प्लॅनवर दिलेल्या उंचीचे ठोकळे ठेवून, दोन्ही टोकांची उंची पट्टीने मोजावी. नजरेचा भरवसा धरू नये.

शेपटीच्या वजनाला सर्वांत जास्त जपावे. शेपटीकडे एक ग्रॅम वाढला की तोल सांभाळायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात, कारण नाक पंखाला जवळ असते आणि शेपूट लांब. आडवे आणि उभे शेपूट कागदासह मिळून चार ग्रॅमच्या आत बसवण्याचा प्रयत्न करावा.

तपासणी: कागद चढवण्यापूर्वी प्रत्येक भाग तोलून वहीत लिहावा. पंख, शेपूट, धड आणि प्रॉपेलरसह नाकाचा ठोकळा यांची बेरीज ३४–३५ ग्रॅमच्या वर जात असेल तर पॉलिश पेपरने घासण्याची वेळ हीच आहे.

## ३. कागद चढवणे

पंखावर चढवायच्या पातळ कागदाचे, म्हणजे जपानी टिश्यूचे, वजन चौरस मीटरला सुमारे १२ ग्रॅम असते, त्यामुळे पी-३०च्या पंखाला दोन्ही बाजू मिळून साधारण दोन ग्रॅम कागद लागतो. पतंगाचा कागद त्याहून जड असतो, ओला झाला की फाटतो आणि पाण्याने पुरेसा ताणला जात नाही. सरावाच्या धडाला तो चालेल, पण पंखाला नको.

कागदाचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवावेत. तंतूंची दिशा ओळखण्यासाठी कोपऱ्यातला तुकडा फाडून पाहावा. ज्या दिशेने तो सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. गोंद सांगाड्याच्या बाहेरच्या चौकटीलाच लावावा, मधल्या प्रत्येक फासळीला नको. ज्या भागाला खालून अंतर्वक्र आकार आहे तिथे मात्र खालच्या बाजूने फासळ्यांनाही लावावा. कागद हलक्या हाताने, सुरकुती जाईल इतकाच ओढावा. खेचून बसवलेला कागद नंतर आकसताना सांगाडाच मुरडतो.

यानंतर पाण्याचा अत्यंत बारीक फवारा मारावा आणि कागद ओला असतानाच पंख पाटावर जखडावा. हवा खेळावी म्हणून खाली छोटे ठोकळे ठेवावेत. मोकळा ठेवून सुकवलेला पंख हमखास मुरडतो. पूर्ण सुकल्यावर निम्मे थिनर घातलेल्या नायट्रेट डोपचा, म्हणजे कागद ताठ करणाऱ्या लॅकरचा, एक पातळ हात द्यावा. डोप न मिळाल्यास हार्डवेअरच्या दुकानातले पारदर्शक एनसी लॅकर भरपूर पातळ करून चालते, कारण तेही नायट्रोसेल्युलोजचेच असते. त्यात एरंडेल तेलाचे काही थेंब घातल्यास कागद पुढे आकसत राहत नाही. डोप दिल्यावर पंख पुन्हा जखडून किमान रात्रभर ठेवावा.

इशारा: डोप आणि थिनर झटकन पेट घेतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि देवघरातला दिवासुद्धा त्या खोलीत नसावा. पावसाळ्यात दमट दिवशी डोप दिला तर त्यावर पांढरी झाक येते. कोकणात तर हे काम ऑक्टोबरनंतरच काढावे.

## ४. नाकाचा ठोकळा आणि प्रॉपेलर

नाकाचा ठोकळा घट्ट बसला पाहिजे, पण हाताने निघालाही पाहिजे, कारण पुढची सगळी जुळवाजुळव त्याच्याखाली पाचरी घालून करायची आहे. सैल ठोकळा प्रत्येक उड्डाणात नवी दिशा दाखवतो आणि माणूस उगीच शेपटीवर संशय घेतो.

शाफ्टसाठी, म्हणजे प्रॉपेलर आणि रबर जोडणाऱ्या दांडीसाठी, १.२ मिमी जाडीची पियानो वायर घ्यावी. हूक असा वळवावा की रबर ओढले जाते ती जागा शाफ्टच्या रेषेतच येईल; हूक एका बाजूला कलला की फिरताना नाक थरथरते. हुकावर सिलिकॉनच्या बारीक नळीचा तुकडा चढवावा, नाहीतर तारेच्या कडेने रबर कापले जाते. बेअरिंग आणि प्रॉपेलर यांच्यामध्ये दोन वॉशर किंवा एक मणी असावा.

प्रॉपेलर शाफ्टवर आडवा धरून सोडावा. एक पाते सारखे खाली जात असेल तर हलक्या पात्याच्या टोकाला पारदर्शक टेपचे तुकडे लावत समतोल साधावा. रबर संपल्यावर प्रॉपेलर मोकळा फिरण्याची रचना बोटाने फिरवून तपासावी. ती अडकत असेल तर ग्लाइड कधीच जुळणार नाही.

ठोकळा बसवताना सुरुवातीलाच शाफ्ट दोन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे वळवून ठेवावा. ठोकळा ३० मिमी उंच असेल तर वरच्या कडेखाली १ मिमीची पाचर म्हणजे साधारण दोन अंश झाले.

## ५. रबर

१/८ इंची पट्टीचे सहा पदर ही पी-३०साठी सुरक्षित सुरुवात आहे. अशा पट्टीचे वजन मीटरला सुमारे ३ ग्रॅम भरते, त्यामुळे १० ग्रॅममध्ये सहा पदरी मोटर, म्हणजे रबराचा तयार वेढा, साधारण ५५ सेंमी लांब होते. वंगणाचे वजनही त्यातच धरलेले असते, म्हणून कोरडे रबर ९.७–९.८ ग्रॅम तोलून घ्यावे.

पट्टीवरची पावडर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन रबर सावलीत वाळवावे. टोकांची दुहेरी गाठ थुंकीने ओली करून आवळावी. कोरडी आवळलेली गाठ रबर घासून टाकते. गाठ मागच्या खुंटीजवळ राहील असे पाहावे. वंगण म्हणून सिलिकॉन तेल तळहातावर घेऊन रबर चोळावे. खनिज तेल, मशीनचे तेल, व्हॅसलीन यांपैकी काहीही लावू नये. रबर फुगते आणि सडते. एरंडेल तेल अडचणीच्या वेळी चालते.

नवे रबर लगेच पूर्ण ताकदीने वापरू नये. ते लांबीच्या पाचपट ताणून काही मिनिटे धरावे, सैल सोडावे, असे तीन-चार वेळा करून एक दिवस विश्रांती द्यावी.

किती फेरे सोसतील हे तक्त्यात शोधण्यापेक्षा मोजणे बरे. एकाच गुंडाळ्यातून दोन मोटरी कराव्यात आणि त्यांतली एक घरी, विमानाबाहेर, तुटेपर्यंत फिरवावी. समजा ती १२०० फेऱ्यांवर तुटली, तर दुसरीची मर्यादा ८० टक्के, म्हणजे ९६० फेरे. वाइंडर, म्हणजे फेरे देण्याचे हातयंत्र, एकास दहा असेल (हँडलच्या एका फेऱ्याला रबराचे दहा) तर हँडलचे ९६ फेरे. अनेकांना इथे दहा ग्रॅम रबर वाया गेले असे वाटते, पण त्यामुळे विमानाच्या पोटात मोटर फुटून धडाच्या चिंध्या होणे टळते.

इशारा: रबर तोडून पाहताना आणि पुढे प्रत्येक वेळी फेरे देताना डोळ्यांवर चष्मा हवा. ताणलेले रबर तुटले की वाइंडर आणि हूक थेट चेहऱ्याकडे येतात.

## ६. घरातली शेवटची तपासणी

ही पायरी गाळून मैदानावर जाऊ नये. विमान पूर्ण जोडून, रबर आत घालून तपासावे. रबर दहा ग्रॅमचे आणि विमान चाळीसचे, म्हणजे उडणाऱ्या वजनाचा पाचवा हिस्सा रबराचा असतो. ते बाहेर ठेवून काढलेला गुरुत्वमध्य निरुपयोगी ठरतो.

विमान हातभर लांब धरून मागून पाहावे. दोन्ही टोकांना सारखा, मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर उचललेला वॉशआउट असावा. उजवीकडे वळत चढायचे असल्याने उजव्या पंखाच्या मधल्या भागाची मागची कड दोन मिलिमीटर खाली असलेली चालते, किंबहुना असावीच. तो आतला पंख वळणात खाली पडू देत नाही. याव्यतिरिक्त कुठेही मुरड दिसली तर तो भाग केटलीच्या वाफेवर धरून, उलट दिशेने किंचित जास्त पिळून, थंड होईपर्यंत तसाच धरावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण मुरड परत येते.

गुरुत्वमध्य प्लॅनवरच्या खुणेवर आणावा. खूण नसेल तर पंखाच्या रुंदीच्या निम्म्यावर सुरुवात करावी. पंख आणि आडवे शेपूट यांच्या कोनांत सुमारे तीन अंशांचा फरक असावा, पंखाचा कोन जास्त. आडव्या शेपटीचे उजवे टोक मागून पाहता तीन-चार मिलिमीटर वर असले तर ग्लाइडमध्ये विमान उजवीकडे वळते. सुकाणूच्या पट्टीपेक्षा हा उपाय चांगला, कारण वेग बदलला तरी त्याचा परिणाम फारसा बदलत नाही.

पंख आणि शेपूट ज्या जागी बसतात तिथे पेनने बारीक रेघा मारून ठेवाव्यात. पडल्यावर पंख दोन मिलिमीटर सरकलेला असतो आणि तो नजरेला दिसत नाही.

## ७. हाताने ग्लाइड

जागा मोकळी, खाली गुडघाभर सुके गवत किंवा कापणी झालेले शेत. देशावर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी यासाठी सर्वांत चांगल्या. वारा असा हवा की झाडाची पाने जेमतेम हलतील. सूर्योदयाला पोहोचण्याचा उत्साह मात्र आवरावा. दवात टिश्यू सैल पडतो, फासळ्यांमध्ये लोंबतो आणि घरी सरळ केलेला पंख मैदानावर वाकडा निघतो. दव उडेपर्यंत विमान खोक्यातच ठेवावे.

विमान गुरुत्वमध्याखाली धरून, खांद्याच्या उंचीवरून, वाऱ्यावर तोंड करून, नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून, भाला फेकावा तसे न फेकता पुढे ढकलून सोडावे. नाक वर करून फेकलेले चांगले विमानही स्टॉल होते, म्हणजे वेग गमावून थबकते आणि नाक खाली टाकते, आणि त्यावरून केलेली दुरुस्ती चुकीची ठरते. म्हणून प्रत्येक जुळणीवर निदान तीन वेळा सोडून पाहावे.

विमान नाक वर करून थबकत असेल तर शेपटीच्या पुढच्या कडेखाली पाचर घालावी. सरळ खाली जात असेल तर मागच्या कडेखाली. पाचरीला लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. एका वेळी एकच थर वाढवावा. तीन-चार थरांनीही भागत नसेल तर दोष शेपटीचा नाही. घरी परतून सहावा टप्पा पुन्हा करावा.

तपासणी: उजवीकडे हलका वळसा घेत, नाक न हलवता विमान गवतावर टेकते आहे का? टेकत नसेल तर रबराला एकही फेरा देऊ नये.

## ८. कमी फेऱ्यांची उड्डाणे

पहिल्यांदा १५० फेरे द्यावेत. एवढ्यात विमान फारसे चढणार नाही, आणि चढू नयेच. प्रॉपेलर मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते. जोर जास्त असताना हा कल सर्वांत मोठा असतो, म्हणूनच शंभर फेऱ्यांचे गुणी विमान पाचशे फेऱ्यांवर डावीकडे कोसळू शकते.

इथून पुढे शेपटीला आणि गुरुत्वमध्याला हात लावू नये. विमान जोरावर नाक वर उचलून लटकत असेल तर नाकाच्या ठोकळ्याच्या वरच्या कडेखाली अर्ध्या मिलिमीटरची पाचर घालावी, म्हणजे शाफ्ट आणखी खाली वळतो. डावीकडे घसरत असेल तर पाचर ठोकळ्याच्या डाव्या कडेखाली. उजवीकडे आवळत नाक खाली टाकत असेल तर उजवा कोन कमी करावा आणि उजव्या पंखाचा तो दोन मिलिमीटरचा उतार अजून आहे का हे पाहावे. विमान नुसते सरळ, समपातळीत जात असेल तर त्यात काही बिघडलेले नाही. पुढच्या वेळी फेरे वाढवावेत.

हाताने सोडल्यावर सुरेख उतरणारे विमान रबर संपल्यावर स्टॉल होत असेल तर बहुतेक जण शेपूट बदलतात. त्याआधी धडात डोकवावे. सैल पडलेले रबर मागच्या खुंटीशी गोळा झालेले असते आणि गुरुत्वमध्य मागे सरकलेला असतो. उपाय म्हणजे मोटर किंचित आखूड करणे किंवा पदर वाढवून लांबी घटवणे.

फेरे १५०, २५०, ४००, ५५० असे वाढवावेत. प्रत्येक टप्प्यावर सलग दोन उड्डाणे सारखी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रत्येक उड्डाणाला वहीत एक ओळ: फेरे, पाचरी, वळण, वेळ. एका वेळी एकच बदल. पाचर मान्य झाली की ती जागेवर चिकटवून टाकावी.

## ९. पूर्ण फेरे देणे

चारशेच्या पुढे रबर ताणून फिरवावे लागते. विमान सोबत्याने, किंवा मागच्या पोकळ खुंटीतून तार घालून खुंटाला, घट्ट धरावे. नाकातून प्लास्टिकच्या पातळ पत्र्याची गुंडाळी आत सरकवावी, म्हणजे मोटर तुटली तरी धड वाचते. रबर लांबीच्या चौपट, म्हणजे सव्वादोन मीटरपर्यंत ओढून निम्मे फेरे तिथेच उभे राहून द्यावेत. उरलेले निम्मे देताना हळूहळू विमानाकडे चालत यावे, आणि शेवटचा फेरा नाकाशी पोहोचता पोहोचता संपावा. आधीच जवळ आले तर रबराला मोठ्या गाठी पडतात आणि धडाच्या भिंतींना घासतात.

त्याआधी डीटी (डीथर्मलायझर), म्हणजे ठरलेल्या वेळी विमान खाली आणणारी यंत्रणा, चालू हवी. विमान दोन मिनिटे हवेत राहिले आणि वारा सेकंदाला ३ मीटर असला, तर ते ३६० मीटर दूर उतरते. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, सापडले तर उतरतच नाही. शेपटीची मागची कड सुमारे ४५ अंश वर उचलणारी साधी यंत्रणा पुरते. ती सोडायला छोटा टायमर वापरावा. जळती वात वापरण्याची जुनी पद्धत सुक्या गवतावर आणि ज्वारीच्या धसकटांवर अजिबात वापरू नये. सुरुवातीला टायमर २० सेकंदांवर लावून शेपूट खरोखर उघडते का हे उड्डाणातच पाहावे, मगच वेळ वाढवावी.

धडावर फोन नंबर लिहिलेला असावा. विमान नजरेआड झाल्यास आपण उभे आहोत तिथून त्याच्या रेषेत क्षितिजावरचे एखादे झाड किंवा टॉवर हेरावा, आणि वाटेत बांध, काटे आले तरी त्याच रेषेत चालत जावे. वळसा घालून गेलेल्या माणसाला समोर पडलेले विमान दिसत नाही.

उड्डाणे संपल्यावर रबर विमानातून काढून त्याच्या कडा बोटांतून ओढत पाहाव्यात. बारीक चीर दिसली तर ती मोटर पूर्ण फेऱ्यांसाठी पुन्हा वापरू नये. चांगली मोटर हवाबंद पिशवीत, उन्हापासून दूर ठेवावी. गाडीच्या डिकीत विसरलेले रबर मार्च-एप्रिलच्या एका दुपारीत बाद होते. पंख घरी सपाट पाटावर ठेवावा आणि पुढच्या वेळी निघण्यापूर्वी सहाव्या टप्प्यातली मुरडीची तपासणी पुन्हा करावी.